दोन व्याही, एक संडास

चष्मेवाल्यांच्या लेकीने फोनवर “बाबा, बुधवारी आमच्याकडे राहायला या” असं म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी गोड बातमी असणार. निघाली कोलोनोस्कोपी.

“म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघतात ती?”

“हो, तीच.”

“हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय गं तुझा.”

“बाबा, आवाज अजिबात तुटत नाहीये. मोठे काका ज्या वयात गेले, त्या वयाचे झालात तुम्ही. मी तारीख घेतलीय.”

थोरल्या भावाचा विषय निघाला की चष्मेवाल्यांची बोलती बंद व्हायची. त्यांनी केविलवाण्या नजरेने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथे बायको एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, “जाऊन या. दुकान मी बघते.” ती दुकान बघायची म्हणजे खरंच बघायची. चष्मेवाले आजारी पडले की त्या दिवशी वरच्या कप्प्यातल्या फ्रेमा खपायच्या. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नसत.

“आणि बाबा,” लेक म्हणाली, “पप्पांचीही त्याच दिवशी आहे. दोघांचं एकदमच उरकून टाकू. आदल्या दिवशीची तयारी आमच्याकडेच करायची.”

आता मात्र चष्मेवाल्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं.

पप्पा म्हणजे लेकीचे सासरे, चष्मेवाल्यांचे व्याही. हयातभर न्यायाधीश होते, आणि निवृत्त झाले तरी सगळे त्यांना जज्जसाहेबच म्हणत. उंच, ताठ, घरातसुद्धा इस्त्रीच्या कपड्यांत. बोलताना वाक्य पूर्ण करायचे आणि मग क्षणभर थांबायचे, जणू समोर कोणीतरी ते उतरवून घेतंय. पत्नी गेल्यापासून एकटे राहत होते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. ते चष्मेवाल्यांना ‘आपण’ म्हणत, चष्मेवाले त्यांना ‘साहेब’ म्हणत. मुलांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोघांचा एकमेकांविषयीचा आदर तसूभरही कमी झाला नव्हता, त्यामुळे मैत्री व्हायची काही सोयच उरली नव्हती. आधी बसायचं नाही म्हणून दोघंही उभे राहत. आधी कप उचलायचा नाही म्हणून दोघांचाही चहा थंडगार होई. दारातून आत जाताना “आपण आधी”, “छे छे, आपण” एवढं चाले की मागे रांग लागे.

अशा माणसासमोर बसून जुलाबाचं औषध प्यायचं!

“लेकीकडे बाथरूम दोन आहेत, एवढं तरी बरं,” ते रात्री बायकोला म्हणाले.

बुधवारी दुपारी ते पोहोचले तेव्हा दोन होती, नाही असं नाही. पण त्यातल्या एकाची जमीन गवंड्याने उकरून ठेवली होती. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, म्हणून हा सगळा खटाटोप. गवंडी “दोन दिवसांचं काम” असं सांगून आला, फरशा फोडल्या, आणि जो गेला तो गेलाच. फोन केला की “उद्या सकाळी हजर” म्हणे. कुठल्या महिन्यातला उद्या ते सांगत नसे. जावई कामासाठी बाहेरगावी. थोडक्यात, घरात दोन व्याही आणि संडास एक.

लेकीने ऑफिसला जाण्यापूर्वी दोघांसमोर दोन काचेचे जग ठेवले. दोन्हींत पावडर कालवून तयार. “हे बघा. एक ग्लास प्यायचा, थोडं थांबायचं, मग दुसरा. अर्धा जग आता, उरलेला पहाटे. फ्रिजमध्ये गाळलेलं सूप आणि सफरचंदाचा रस आहे. घट्ट काहीही खायचं नाही. बाबा, बिस्किटंसुद्धा नाहीत. मी डबा लपवलाय, शोधू नका.”

ती गेली. घर शांत झालं.

“सुरुवात करावी,” जज्जसाहेब म्हणाले.

“आपण आधी,” चष्मेवाले म्हणाले.

“वयाने आपण वडील आहात.”

“चारच महिने, साहेब.”

शेवटी दोघांनी एकदम ग्लास उचलले. पाकिटावर ‘संत्र्याचा स्वाद’ असं छापलं होतं. संत्र्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला असता तर पहिल्याच सुनावणीत निकाल त्याच्या बाजूने लागला असता. खारट, बुळबुळीत, कोमट आणि वर नारिंगी. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून ग्लास संपवला. जज्जसाहेबांनी एक घोट घेतला, ग्लासकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं, आणि जग उचलून उभे राहिले. “मी आतल्या खोलीत बसतो. मला एकांतात पिण्याची सवय आहे.”

हे वाक्यसुद्धा त्यांनी अशा भारदस्तपणाने म्हटलं की चष्मेवाल्यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

तिसऱ्या ग्लासानंतर चष्मेवाल्यांच्या पोटात दूर कुठेतरी ढग गडगडल्यासारखं झालं. ते सावकाश, सहज जात असल्यासारखे उठले. दारापर्यंत पोहोचता पोहोचता सहजपणा संपला. बाहेर आले तर जज्जसाहेब हॉलमध्ये पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेले.

“जाऊन आलात?”

“हो. आणि आपण?”

“अद्याप आवश्यकता भासली नाही.”

पुन्हा ग्लास, पुन्हा गडगडाट, पुन्हा धाव. प्रत्येक वेळी जज्जसाहेब तिथेच, तसेच. पँटची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. चष्मेवाल्यांच्या मनाला ते फार लागलं. बंगला मोठा असतो, पदवी मोठी असते, हे त्यांनी कधीच मान्य केलं होतं. पण माणसाचं आतडंही प्रतिष्ठित असावं? त्यांनी गॅलरीत जाऊन बायकोला फोन लावला.

“साहेबांचं अजून काहीच नाही,” ते खिन्नपणे म्हणाले. “ताबा आहे गं शरीरावर. शिस्त. आपलं आयुष्य बघ, पहिल्यापासून ढिलंच.”

“अहो, जुलाबाला काय कळतंय समोर जज्ज आहे का चष्मेवाला? नीट बघा, पितायत का ते!” बायकोचा आवाज मुळातच खणखणीत, त्यात चष्मेवाल्यांचा फोन जुना.

“न्यायाधीशावर संशय घेतेस?” त्यांनी फोन ठेवला. मागे वळले तर जज्जसाहेब खुर्चीतून उठले होते. “आता मला आवश्यकता भासते आहे,” असं जाहीर करून ते संडासात गेले. आतून कडी लागली.

ती उघडेचना.

चष्मेवाल्यांना आधी बरं वाटलं, चला, साहेबही माणूसच आहेत. मग त्यांच्या स्वतःच्या पोटात पुन्हा ढग जमायला लागले. ते दारापाशी येऊन उभे राहिले. आत पूर्ण शांतता. न्यायाधीशाच्या दारावर थाप मारायची कशी? त्यांनी खाकरून बघितलं. खाकरणं किती धोक्याचं आहे हे लगेच कळलं. ते भिंतीला टेकले. पाय जुळवले. घामाचा एक थेंब कानामागून खाली आला. आणि मग, ज्याला आपण इज्जत म्हणतो ती नक्की कुठे असते याचा साक्षात्कार होऊन, त्यांनी घराचं दार उघडलं आणि गुडघे एकमेकांना घासत एक मजला खाली उतरले.

दार गाण्याच्या बाईंनी उघडलं. मागे सतरंजीवर पाच-सहा मुली सूर लावून बसल्या होत्या.

“मी वरच्यांचे वडील... तुमच्या बाथरूमचं जरा...”

“आलात का एकदाचे!” बाई कडाडल्या. “किती दिवस सांगतेय, कोणीतरी येऊन बघा म्हणून. या, या, दाखवते. चपला राहू देत!” आणि त्यांनी चष्मेवाल्यांना दंडाला धरून, सगळ्या मुलींच्या मधून, थेट बाथरूममध्ये नेऊन उभं केलं. “हे बघा छत! पोपडे बघा! आणि आजपासून तर ठिबकायलाच—”

“बघतो, नीट बघतो,” म्हणत चष्मेवाल्यांनी दार लावून घेतलं.

बाहेर बाई बोलतच होत्या. रंग दोनदा दिला, टॉवेल वाळत नाहीत. मग आतून जो काही आवाज आला त्यावरून त्यांच्या लक्षात आलं की पाहणी वेगळ्याच गोष्टीची चालू आहे. पण बाई मनाने मोठ्या. त्या तशाच हॉलमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, “चला गं, वरचा सा लावा. मोकळ्या आवाजात. अजून मोकळ्या!”

मुलींनी जीव तोडून सा लावला. त्या सुराच्या आडोशाला चष्मेवाले डोळे मिटून बसले होते, तेवढ्यात त्यांच्या टकलावर काहीतरी पडलं. टप्. त्यांनी वर बघितलं. छताच्या ओल्या डागातून दुसरा थेंब सुटला आणि नेमका ओठावर येऊन पडला. खारट. बुळबुळीत. नारिंगी.

ती चव ते या जन्मात विसरणार नव्हते.

हात धुऊन ते बाहेर आले तेव्हा मुली छताकडे बघत होत्या आणि बाईंचा चेहरा मऊ झाला होता. “कोलोनोस्कोपी ना?” त्यांनी हळूच विचारलं. “आधीच सांगायचंत की. माझी झालीय. ते औषध बर्फासारखं गार करा आणि नळीने ओढा, पार घशाशी. जिभेला पत्ता लागत नाही. आणि पुन्हा लागलं तर खुशाल या हो. आम्ही सहापर्यंत आहोत.”

चष्मेवाले वर आले. उकरलेल्या बाथरूमचं दार ढकललं. फुटक्या फरशांच्या मधल्या खड्ड्यात विटांचे तुकडे नारिंगी होऊन चमकत होते. आतल्या खोलीतला जग तळाला गेलेला. तेवढ्यात संडासाची कडी वाजली आणि जज्जसाहेब रुमालाला हात पुसत बाहेर आले.

“झालं एकदाचं,” ते म्हणाले. “बराच त्रास झाला.”

“साहेब,” चष्मेवाले म्हणाले, “खालच्या बाईंच्या छतातून संत्र्याचं पाणी गळतंय.”

जज्जसाहेबांनी रुमालाची घडी घातली. “हा परिस्थितीजन्य पुरावा झाला. त्यावर आपण माणसाला दोषी ठरवता?”

“मी चव घेतलीय.”

“मग प्रत्यक्ष पुरावा आहे,” जज्जसाहेब म्हणाले आणि स्टुलावर बसले. पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याने बसायची वाट बघितली नाही.

चष्मेवाल्यांना खरं तर रागावता येत नसे. दुकानात कोणी फ्रेम तोडून आणली तरी ते “असू दे, होतं असं” म्हणत. पण रिकाम्या पोटी राग वेगळाच येतो. “लाज वाटत नाही?” ते ओरडले आणि स्वतःच दचकले, पण थांबता येईना. “मी इथे दुपारपासून घोड्यासारखा धावतोय. मला वाटतंय, साहेबांचं शरीर कसं शिस्तीचं! पोरगी रजेसाठी हातापाया पडून आपली काळजी करतेय. आणि तुम्ही ओतताय? माझा थोरला भाऊ असाच होता. रक्त पडायचं तर म्हणायचा, मूळव्याध आहे, तिखट कमी करतो. वर्षभर तिखट कमी केलं त्याने. डॉक्टरकडे नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायचा. तिखट कमी करून मेला तो, साहेब!”

ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, आणि पाणी पिऊन झाल्यावरही तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळाने दारात जज्जसाहेब आले. “सापडलं तर?” त्यांनी विचारलं. एवढंच वाक्य. पुढे थांबलेही नाहीत, कारण पुढे काही नव्हतंच. मग म्हणाले, “घरी एकटा असतो. काही सापडलं तर रात्री ते घेऊन एकट्यानेच बसायचं. म्हणून वाटलं, आतडं साफ नाही म्हणून परत पाठवतील. पुढे बघू.”

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढा उंच माणूस, पण फ्रिजशेजारी उभा राहून एखाद्या पोरासारखा दिसत होता.

“सापडलं तर मी आहे ना,” चष्मेवाले म्हणाले. “बसू दोघं. आता चला, दुसरी पावडर आणू. पोरगी यायच्या आत.”

“आपण आणाल?”

“माझ्या अवस्थेत? तुम्ही धडधाकट आहात. चला, मी नुसता बरोबर येतो.”

औषधांचं दुकान इमारतीला लागूनच होतं आणि त्याच्यापुढे नेमकी संध्याकाळची गर्दी होती. जज्जसाहेब काउंटरवर वाकून औषधवाल्याच्या कानात काहीतरी कुजबुजले. औषधवाला मागे वळून ओरडला, “ए, ती पोट साफ करायची पावडर बघ रे! मोठी! दुर्बिणीवाली!” गर्दीने वळून बघितलं. जज्जसाहेबांनी दात आवळून समोरच्या खोकल्याच्या जाहिरातीवर नजर रोवली.

“चिठ्ठी?” औषधवाला म्हणाला.

चिठ्ठी लेकीच्या पिशवीत, लेक ऑफिसात. चष्मेवाल्यांनी खिशातून स्वतःच्या पावडरचं रिकामं पाकीट काढलं. “हे बघा, हीच.”

“हे तुमचं झालं. यांना कशी देणार? नियम आहे.”

“त्यांचं म्हणणं कायद्याने योग्य आहे,” जज्जसाहेब म्हणाले.

“तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?” चष्मेवाल्यांनी दबक्या आवाजात विचारलं. पोटात पुन्हा ढग यायला लागले होते. वेळ नव्हता. त्यांनी लेकीला फोन लावला.

“हां, ऐक. चिठ्ठीचा फोटो पाठव. पप्पांची पावडर सांडली... नाही, त्यांच्या हातून नाही. माझ्या. धक्का लागला जगाला.”

फोनमधून लेकीचा आवाज काउंटरपर्यंत पोहोचला. “बाबा! एक काम धड करता येत नाही का तुम्हाला? पप्पा काय म्हणतील? माफी मागितलीत का त्यांची?”

“मागतो,” चष्मेवाले म्हणाले.

फोटो आला, पावडर मिळाली. जिन्यात जज्जसाहेब एका पायरीवर थांबले. “आपण माझ्यासाठी खोटं बोललात.”

“बोललो.”

“शपथेवर नव्हतं,” त्यांनी विचार करून सांगितलं. “त्यामुळे चालू शकेल.” आणि मग, दोन पायऱ्या चढून झाल्यावर, “बोलणी तुम्हाला बसली.” ‘तुम्हाला’ म्हणाले. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

या वेळी औषधात बर्फ घातला, नळ्या घातल्या आणि दोघं जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसले. चष्मेवाल्यांनी व्याह्यांच्या ग्लासवरची नजर हलवली नाही. जज्जसाहेब नळी तोंडात धरून, भुवया चढवून, घोटामागून घोट ओढत राहिले. तिसऱ्या ग्लासानंतर ते बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले. चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग अपमान, मग निव्वळ घाई उमटली. ते धावले. हयातीत कोणी त्यांना धावताना बघितलं नसेल.

त्यानंतर त्या घरातून ‘आपण आधी’ हे शब्द कायमचे गेले. चष्मेवाले आत असले की जज्जसाहेब बाहेरून दारावर मुठी आपटत. “अहो, या की बाहेर! वाचत बसलाय काय?” जज्जसाहेब आत असले की चष्मेवाले दाराशी तोंड लावून विनवत. एकदा दोघं एकदमच दारात पोहोचले. जज्जसाहेबांनी चक्क कोपर घातलं. “सरका!” आणि कडी लागली. लेक ऑफिसातून आली तेव्हा तिचे सासरे गॅलरीत उकिडवे बसले होते, वडील संडासात होते, आणि दोघं दारातून मोठ्याने गप्पा मारत होते. ती पर्स हातात धरून थोडा वेळ नुसती उभी राहिली.

पहाटेचा अर्धा जगही पोटात गेला. सकाळी हॉस्पिटलात दोघांना पाठीमागून बंद बांधायचे झगे दिले. झग्याला बंद दोन, आणि जिथे गरज तिथे एकही नाही. व्हरांड्यातून जाताना दोघंही पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखे आडवे चालले. चष्मा काढून ठेवायला सांगितल्यामुळे चष्मेवाल्यांना समोरचं धूसर दिसत होतं. त्यांनी एका उंच वजनकाट्याला जज्जसाहेब समजून धीर दिला.

“आधी कोण?” नर्सने विचारलं.

“हे,” दोघंही म्हणाले.

“इथे मानपान नसतो, काका. नंबर असतो.” पहिला नंबर जज्जसाहेबांचा निघाला. त्यांना खाटेवर घेतलं, खाट हलली, आणि त्यांनी हात बाहेर काढून चष्मेवाल्यांचं मनगट धरलं. “बाहेरच आहात ना?”

“हलत नाही,” चष्मेवाले म्हणाले. नर्सला तो हात सोडवून घ्यावा लागला.

चष्मेवाल्यांची वेळ आली तेव्हाचं त्यांना फारसं आठवत नाही. हाताला सुई टोचली, वरचा दिवा मऊ झाला, बस. नंतर नर्सने सांगितलं की गुंगीत ते डॉक्टरांना सारखं विचारत होते, “आता स्पष्ट दिसतंय की आधीचं स्पष्ट होतं? घाई करू नका, नीट बघून सांगा.” डॉक्टरांनीही म्हणे प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे उत्तर दिलं.

शुद्ध आली तेव्हा ते एका पडद्याच्या अलीकडे होते आणि पलीकडून ओळखीचं कण्हणं ऐकू येत होतं. पायाशी लेक बसली होती. नर्सने पडदा अर्धा सारला.

“तपासताना पोटात हवा भरलीय. ती सरल्याशिवाय घरी नाही. लाजू नका. आजोबा, झालं का?”

“नाही,” जज्जसाहेब म्हणाले. त्यांचं पोट चादरीखाली टमटमीत दिसत होतं. “एवढ्या लोकांसमोर मला ते शक्य होणार नाही. सूनबाई इथे आहेत.”

“मी कान बंद करते, पप्पा.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

नर्स घड्याळ बघायला लागली. चष्म्याशिवाय चष्मेवाल्यांना व्याह्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण दाबून धरलेलं कण्हणं ऐकू येत होतं. त्यांना कळ सोसवत नव्हती आणि बोलवत नव्हतं. मग त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं, कुशीवर वळले, आणि पोटातली सगळी हवा मोकळी सोडून दिली. लांबलचक, निःसंकोच, मध्ये एकदा वळण घेणारी. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने झोपेत दाद दिल्यासारखं हूं केलं.

“असं,” चष्मेवाले पडद्याकडे बघून म्हणाले. “काही होत नाही.”

मग पडद्यापलीकडून एक बारीकसा, विचार करून काढलेला आवाज आला. मग दुसरा, जरा धीट. आणि मग राखून ठेवलेला निकाल एकदम जाहीर व्हावा तसा दणका. पडदा हलला की काय असं लेकीला वाटलं. ती तोंडात ओढणी कोंबून खाली बसली. खांदे गदगदा हलत होते. पडद्यामागून जज्जसाहेबांचा हसण्याचा आवाज आला. त्यांना हसताना पोटात दुखत होतं आणि त्यामुळे अजून हवा सरत होती, आणि त्यामुळे अजून हसू येत होतं.

डॉक्टर आले तेव्हा सगळे डोळे पुसत होते.

“तुमचं सगळं स्वच्छ आहे,” ते चष्मेवाल्यांना म्हणाले. मग जज्जसाहेबांच्या खाटेशी गेले. आवाज जरा बदलला. “साहेब, तुमच्या आतड्यात एक छोटी गाठ होती. वाटाण्याएवढी. लगेच काढली, तपासायला पाठवलीय. मला तरी साधी वाटतेय. पण अशीच राहिली असती तर काही वर्षांनी साधी राहिली नसती. एका वळणाआड होती. आतडं इतकं स्वच्छ होतं म्हणून दिसली. तयारी फार उत्तम केली होती तुम्ही.”

जज्जसाहेबांनी मान वळवून चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्म्याशिवाय चष्मेवाल्यांना त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि त्या क्षणी ते बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे जज्जसाहेब. आजवर त्यांनी दुकानात कधी फोन केला नव्हता.

“रिपोर्ट आला,” ते म्हणाले. “साधीच आहे.”

चष्मेवाल्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि नुसता “हं” असा आवाज काढला.

“तीन वर्षांनी पुन्हा करावी लागेल. तुम्हाला एवढ्यात गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले.”

“मी येईन ना सोबतीला. नुसता बसणार नाही. एखादा ग्लास घेईन तुमच्याबरोबर.”

पलीकडे जज्जसाहेबांनी घसा साफ केला. “रविवारी तुमच्याकडे यावं म्हणतो. दोन दिवस राहीन. म्हणजे, अडचण नसेल तर. हल्ली... एकट्याने जेवायला कंटाळा येतो.”

बायकोने चष्मेवाल्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. “दोन कसले? चांगले आठवडाभर राहा! आणि येताना ते कडक इस्त्रीचे कपडे आणू नका, इथे कोणी बघणारं नाही!”

रविवारी चष्मा न्यायला येणार असलेलं एक गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं होतं. चष्मेवाले त्याला म्हणाले, “तुम्ही सोमवारी या. रविवारी दुकान बंद.”

“का हो? कुठे गावाला?”

“नाही,” चष्मेवाले म्हणाले, “घरी आपला माणूस येतोय.”